मानेला मार बसल्यावर श्वास का अडतो, मशीन सुटतं का, माणूस जगतो का

बार्शी भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. धाकटा भाऊ, वय २६, चिंच उतरवायला झाडावर चढला आणि फांदी मोडून खाली आला. मानेचा चौथा मणका मोडला, मज्जारज्जूला मार बसला. सोलापुरात ऑपरेशन करून प्लेट बसवली. खांदे थोडे उचलतो, त्याखाली काही हलत नाही. पहिले दोन दिवस तो स्वतः श्वास घेत होता, बोलतही होता. तिसऱ्या रात्री एकाएकी तोंडातून नळी घालून मशीनवर घ्यावं लागलं. आता डॉक्टर गळ्याला भोक पाडू म्हणतात. ताई विचारतात: बोलता माणूस दवाखान्यात येऊन बिघडला कसा? भोक पाडू द्यावं का? मशीन सुटेल का? जगेल का? गावाकडचे म्हणतात एकदा मशीन लागलं की संपलं, तर घरी न्यावं का?

ताई, मी छातीची फिजिओथेरपी करते, आणि सोलापूरच्या आयसीयूंमध्ये असे पेशंट वर्षानुवर्षं हाताखालून गेलेत. झाडावरून पडलेले, विहिरीत सूर मारलेले, हैदराबाद रोडला मोटरसायकलवरून उडालेले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: आज घरी नेऊ नका. या पातळीच्या मारात बऱ्याच जणांचं मशीन सुटतं. कुणाचं पूर्ण सुटतं, कुणाला रात्रीपुरतं लागतं. त्याला खरा धोका मशीनचा नाही, कफाचा आहे. पुढचं सगळं वाचताना हे एक धरून ठेवा.

श्वास घेण्याचं मुख्य काम छाती आणि पोटाच्या मधला पडदा करतो. त्याची नस मानेतून निघते, मज्जारज्जूच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीतून. फासळ्यांमधल्या स्नायूंच्या नसा छातीच्या पातळीतून येतात, पोटाच्या स्नायूंच्या त्याहून खालून. तुमच्या भावाला मार चौथ्या पातळीला आहे. म्हणजे पडदा अर्धामुर्धा चालतो, फासळ्यांचे स्नायू बंद आणि पोट पूर्ण बंद. मार पहिल्या-दुसऱ्या पातळीला असता तर पडदाही गेला असता आणि जागेवर कुणी तोंडानं किंवा अँबू बॅगनं (हातानं दाबून हवा भरायची रबरी पिशवी) श्वास दिला नसता तर तो दवाखान्यापर्यंत पोचलाच नसता. सहाव्या-सातव्या पातळीला असता तर पडदा शाबूत राहिला असता. चौथी पातळी अशी मधली आहे, म्हणून डॉक्टर तुम्हाला ठाम काही सांगत नाहीत. ते लपवत नाहीत. पहिल्या आठवड्यात ठाम सांगताच येत नाही.

आता खोकल्याचं. खोकण्यासाठी आधी खोल श्वास लागतो, मग घसा क्षणभर बंद करून पोट जोरात आवळावं लागतं. पडदा हवा आत घेतो, बाहेर फेकत नाही. फेकायचं काम पोटाचं. तेच गेलं. त्यामुळे असा पेशंट श्वास घेऊ शकतो, बोलू शकतो, पण घशाखाली आलेला बेडका वर आणू शकत नाही. धडधाकट २६ वर्षांचा पुरुष छाती भरून हवा सोडतो तेव्हा साधारण साडेचार-पाच लिटर बाहेर काढतो. या पातळीच्या मारानंतर ती सुरुवातीला लिटर-दीड लिटरवर येते, कधी त्याच्याही खाली. शांत पडून राहायला तेवढं पुरतं. ठसका द्यायला नाही.

तिसऱ्या रात्री काय झालं ते यावरून समजेल. मार बसलेल्या जागी पहिल्या काही दिवसांत सूज वाढते आणि ती वरच्या बाजूला सरकते. कालपर्यंत चालणारा पडद्याचा हिस्सा आज दमतो. त्यात छातीत कफ जास्त तयार होतो, कारण मानेतल्या मारानं काही नसा गप्प होतात आणि कफ वाढवणारी, नाडी मंदावणारी दुसरी नस मोकाट सुटते. श्वास उथळ आणि भराभर होतो, मिनिटाला ३०-३५. माणूस दोन दिवस झोपलेला नसतो. मग पहाटेच्या सुमारास गळून जातो. हे इतक्या वेळा असंच घडतं की मानेला वरच्या भागात मार असेल तर पहिले पाच दिवस डोळ्यात तेल घालून बसायचं, पेशंट कितीही छान बोलत असला तरी. तेव्हा दवाखान्यानं बिघडवलं हे मनातून काढून टाका. नळी वेळेवर पडली म्हणून तो आज आहे.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी, कारण असा पेशंट उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात असेल. मॉनिटरवर ऑक्सिजन ९८ दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली असेल तर श्वास मरगळला तरी तो आकडा बराच वेळ टिकतो. आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो, माणूस पेंगतो, आणि लोक म्हणतात, चला, झोप लागली. म्हणून मी आकडा बघत बसत नाही, पेशंटला एका श्वासात एक-दोन-तीन मोजायला लावते. चांगला माणूस ४० च्या आसपास जातो. सकाळी २५ पर्यंत जाणारा संध्याकाळी १५ च्या आत अडखळायला लागला तर मी डॉक्टरांना लगेच बोलावते. आणि छातीकडे बघायचं: श्वास घेताना पोट वर येतं पण छाती आत खचते. फासळ्यांना धरून ठेवणारे स्नायू गेल्यानं असं होतं. पहिल्या आठवड्यात ते प्रत्येकात थोडंफार दिसतं, पण दर तासाला वाढत असेल तर पडदा दमत चाललाय.

भोक पाडू द्यावं का? हो, आणि उशीर करू नका. तोंडातल्या नळीसाठी झोपेचं औषध चालू ठेवावं लागतं, तोंड नीट साफ होत नाही आणि त्याला काही सांगता येत नाही. गळ्याच्या नळीतून कफ काढणं सोपं, औषध कमी लागतं, मशीनवरून उतरवण्याचा सराव धीरानं करता येतो. पुढे नळी काढली की भोक बहुतेकदा आपोआप, काही दिवसांत मिटतं. नातेवाईक घाबरतात ते 'गळ्याला भोक म्हणजे आवाज गेला' म्हणून. आवाज जात नाही. नळीभोवतीचा फुगा उतरवून बोलण्याची झडप लावली की बरेच पेशंट मशीनवर असतानाही बोलतात. ही झडप लावण्याआधी फुगा पूर्ण उतरवलाच पाहिजे. फुगा भरलेला असताना झडप लावली तर श्वास आत जातो आणि बाहेर यायला वाटच राहत नाही, मिनिटांत जीव जातो. घरात नळी असेल तर ही ओळ भिंतीवर लिहून चिकटवा.

आता कफ काढण्याबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या भावाचं पुढचं आयुष्य यावर आहे आणि यातलं बरंचसं घरच्यांच्याच हातात येणार आहे.

सक्शन सगळ्यांना दिसतं: पातळ नळी आत घालतात, घरघर आवाज होतो, कफ बाहेर येतो. दोन गोष्टी दिसत नाहीत. पहिली, सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत या पेशंटांची नाडी सक्शन करताना एकदम मंदावते, कधी थांबतेही. ती मोकाट सुटलेली नस, तिचाच प्रताप. म्हणून आधी भरपूर ऑक्सिजन द्यायचा, नळी १०-१५ सेकंदांच्या वर आत ठेवायची नाही, आणि डोळा मॉनिटरवर ठेवायचा. दुसरी, सक्शनची नळी जवळजवळ नेहमी उजव्या फुफ्फुसात जाते, कारण उजवी वाट सरळ आहे आणि डावी तिरकी. परिणाम असा की दिवसातून कितीही वेळा सक्शन झालं तरी डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी कफ तसाच बसून राहतो, आणि एक्स-रेत डावीकडे खाली पांढरं दिसायला लागतं. 'सक्शन केलं' एवढ्यावर मी समाधान मानत नाही. डावी बाजू वर येईल असं कुशीवर वळवून, छातीवर हातानं कंप देऊन, मग खोकला देऊन कफ मधोमध आणायचा आणि तेव्हा सक्शन.

खोकला द्यायचा कसा, तर हातानं. मान पक्की झालीय असं सर्जननी सांगितल्यावरच, आणि जेवण किंवा नळीतून दिलेलं पोटात उतरल्यावर. पेशंटला उताणं झोपवायचं. अँबू बॅगनं दोन-तीन श्वास एकावर एक भरायचे, मधे सोडू द्यायचे नाहीत, छाती वर उचललेली दिसली पाहिजे. तुमचे दोन्ही तळवे बेंबीच्या वर, बरगड्यांच्या कमानीखाली. 'एक, दोन, खोक' म्हणायचं आणि तो खोकायचा प्रयत्न करतो त्याच क्षणी आत आणि वर, डोक्याच्या दिशेनं झटका द्यायचा. क्षण चुकला तर नुसतं पोट दाबलं जातं. बसला तर बेडका नळीच्या तोंडाशी आलेला ऐकूच येतो. पहिल्यांदा नातेवाईक इतक्या हळू दाबतात की काहीच होत नाही, भावाला दुखेल म्हणून. तिथे त्याला संवेदना नाही, आणि कफ आत राहिला तर होणारं दुखणं फार मोठं आहे. बरगडी मोडलेली असेल किंवा पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर हे करायचं नाही. हेच काम करणारं मशीनही असतं: आधी हवा भरतं आणि लगेच जोरात ओढून घेतं. परवडत असेल, भाड्यानं मिळत असेल तर जरूर घ्या. पण मशीन नाही म्हणून हात बांधून बसू नका.

तिसरी गोष्ट ऐकून नातेवाईकच काय, नवीन सिस्टरही चक्रावतात. दम लागला की आपण माणसाला उठवून बसवतो. दमेकरी, हार्टचा पेशंट, सगळ्यांना बसवल्यावर बरं वाटतं. मानेला मार असलेल्याला उलट, आडवं झोपवल्यावर बरं वाटतं. बसवलं की ढिलं पोट पुढे लोंबतं, आतडी खाली जातात, पडदा आधीच खाली ओढला जातो आणि त्याला हलायला जागा उरत नाही. आडवा झोपला की पोटातलं सगळं पडद्याला वर रेटतं आणि त्याला पूर्ण ताकदीनं खाली येता येतं. म्हणून बसवायचंच असेल तर आधी पोटाला रुंद पट्टा बांधायचा, फासळ्यांच्या खाली, कमरेच्या हाडापर्यंत. फासळ्यांवर चढला तर उपयोगाऐवजी अडचण. नाकातून पोटात नळीनं अन्न देताना मात्र डोकं ३० अंश वर हवं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाईल. दोन्ही सांभाळायचं म्हणजे सराव सकाळी, पोट रिकामं असताना, आडवं झोपवून. आणि जेवण त्यानंतर.

मशीन सुटतं कसं? दमलेला पडदा एका दिवसात तयार होत नाही. मी ज्या डॉक्टरांबरोबर काम करते ते मशीनची मदत रोज थोडी थोडी कमी करत बसत नाहीत. दिवसातून दोन-तीन वेळा मशीन पूर्ण काढतात, पाच मिनिटं, आणि मधल्या वेळात पूर्ण विश्रांती देतात. पाचाची दहा, दहाची वीस. आकडा वाढला नाही तरी चालेल, दमवायचं नाही. रात्री मशीन परत लावायचं, चांगला दिवस गेला तरीही. मध्येच ताप आला, कफ वाढला की आठवडाभर मागे जाऊ. तेव्हा घरचे खचतात. खचू नका, ते धरूनच चाललेलं असतं. काही आठवड्यांनी सूज उतरते, मज्जारज्जूचा धक्का ओसरतो आणि अंग ढिलं होतं ते ताठ व्हायला लागतं. पाय आपोआप उडतात, बघणाऱ्याला वाटतं हालचाल परत आली. ती आपल्या इच्छेची हालचाल नसते, हे आधीच सांगून ठेवते. पण त्याच ताठपणानं फासळ्या घट्ट होतात, छाती खचायची थांबते आणि पडद्याचा जोर वाया जात नाही. श्वासाची ताकद पहिल्या काही महिन्यांत चांगली वाढते, कधी दुप्पटही होते. दहाव्या दिवशी बघून वर्षाचा अंदाज बांधू नये तो यामुळे. मार अर्धवट असेल, म्हणजे खाली कुठे थोडीही संवेदना शिल्लक असेल, तर आशा आणखी जास्त. डॉक्टरांना तेवढं नेमकं विचारा: गुदद्वाराभोवती संवेदना तपासली का, आणि काय निघालं?

नाहीच सुटलं तर? त्याचंही उत्तर आहे, फक्त खर्चाचं आणि माणसांचं गणित अवघड होतं. सिनेमातला 'सुपरमॅन', अमेरिकन नट क्रिस्टोफर रीव्ह, मे १९९५ मध्ये घोड्यावरून पडला. मार अगदी वर, पहिल्या-दुसऱ्या मणक्याला. तो ऑक्टोबर २००४ पर्यंत जगला, बहुतेक काळ व्हेंटिलेटरवर, आणि २००३ मध्ये पडद्याला विजेचे झटके देणारं यंत्र बसवून घेऊन काही काळ मशीनशिवायही राहिला. ते यंत्र तुमच्या भावाला चालेलच असं नाही, कारण त्यासाठी पडद्याची नस तिच्या उगमापाशी जिवंत लागते आणि चौथ्या पातळीच्या मारात नेमका उगमच जखमी असतो. वरच्या मारात ती शाबूत असते. आणि हो, रीव्हसारखा पैसा आपल्याकडे नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण पोलिओच्या साथीत, १९५२ साली कोपनहेगनला, यंत्रं पुरेनात तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातानं बॅग दाबून पेशंट जगवले, आजचं आयसीयू त्यातूनच उभं राहिलं. त्याच काळातल्या पोलिओ पेशंटांकडून आलेली एक युक्ती आम्ही अजून शिकवतो: बेडकासारखा घसा हलवून हवेचे छोटे घोट गिळत छाती भरायची. जमलं तर मशीन निघालं, वीज गेली तरी माणूस तेवढा वेळ तग धरतो.

घरी नेण्याबद्दल आता स्पष्ट बोलते. सही करून, नळी तशीच ठेवून, तयारीशिवाय घरी नेलं तर तो काही तासांत किंवा दिवसांत जाईल. 'नेऊ नये' हा माझा आग्रह पैशाकडे डोळेझाक करून नाही. दवाखान्यात आरोग्यमित्राच्या (सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या माणसाच्या) टेबलावर जाऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते आजच विचारा. खाजगीत झेपत नसेल तर सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात हलवता येईल का ते डॉक्टरांकरवी बोला, पण व्हेंटिलेटरचा बेड पक्का झाल्यावर आणि व्हेंटिलेटर असलेल्या अँब्युलन्समधूनच. तब्येत स्थिरावली की पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था आहे. आणि एक: त्याला विचारल्याशिवाय त्याचा निर्णय करू नका. आज तो औषधाच्या गुंगीत आहे. गळ्याची नळी पडू दे, गुंगी उतरू दे, झडप लावून बोलू दे. बाहेरून बघणाऱ्याला 'असं जगण्यापेक्षा' वाटतं. आत पडलेल्या माणसाला बऱ्याचदा तसं वाटत नाही.

जीव जातो तो बहुधा न्यूमोनियानं, पायातली गुठळी फुफ्फुसात गेल्यानं, किंवा पाठीला पडलेल्या जखमेतून नाहीतर लघवीतून पसरलेल्या जंतूंनी. पहिल्या महिन्यांत पोटाला देतात ती गुठळीची इंजेक्शनं चुकवू नका. दर दोन तासांनी कूस बदलायची ती पाठीसाठी आणि छातीसाठीही. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्या. घरात बिडी-सिगारेट बंद. ओढणारा बाहेर गेला तरी कपडे-हात धुऊनच जवळ बसेल. चूल दुसऱ्या खोलीत नाही, अंगणात. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरातच माग असतो, सुताची पूड उडते. तिथे पेशंटची खोली मागाला लागून ठेवू देत नाही.

सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा वेगळा सांगते. मानेखाली त्याला घाम येत नाही, त्यामुळे खोली ४२ अंशांवर गेली की त्याचंही अंग तापतं आणि लोक तापाच्या गोळ्या देत राहतात. आधी पंखा, ओला पंचा, कूलर. तासाभरात उतरलं नाही तर ताप समजून कफाचा रंग आणि लघवी बघा. पुढे कधी अचानक डोकं ठणकलं, तोंड लाल झालं, बीपी भयंकर चढलं, तर या एकाच प्रसंगी त्याला ताबडतोब उठवून बसवायचं, पट्टा सोडून, आणि लगेच लघवीची नळी मुडपलीय का ते बघायचं. याचं कारण बहुतेकदा तुंबलेली लघवी किंवा साचलेलं शौच असतं. ते मोकळं झालं की बीपी उतरतं, नाही उतरलं तर १०८ ला फोन करून अँब्युलन्स बोलवा.

डिस्चार्जच्या आधी घरातली दोन माणसं नक्की करा, एक नाही, दोन. दोघांनी सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं सक्शन, नळी बदलणं, हाताचा खोकला आणि अँबू बॅग, प्रत्येक गोष्ट करून दाखवायची, पाहून घेतलं एवढं पुरत नाही. अँबू बॅग उशाशी, कपाटात नाही. मशीनला इन्व्हर्टर, आणि तो किती तास चालतो ते वीज असतानाच बंद करून बघा. सक्शनचं पायानं चालणारं मशीनही ठेवा. लाइट जाते तेव्हा कफ थांबत नाही. आणि त्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढायला घ्या, पुढच्या सवलती त्यावरच मिळतात.